मुलगा फुटबॉल खेळायचं म्हणतोय: हेल्मेट, टॅकल आणि दुखापतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा लेक नववीत असताना शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा फॉर्म घेऊन घरी आला आणि सहीसाठी माझ्यासमोर धरला. आम्ही टेक्ससमध्ये राहतो. इथे शुक्रवारी रात्री सगळं गाव स्टेडियमवर असतं. या खेळात चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याला धडकून, पकडून खाली पाडतात, त्याला टॅकल म्हणतात. मी क्रिकेट आणि कबड्डी बघत वाढले, त्यामुळे या खेळातलं मला काहीच कळत नव्हतं. पुढची चार वर्षं मी शिकत राहिले, ट्रेनरना (म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्यांना) आणि डॉक्टरांना प्रश्न विचारत राहिले. आता आमच्या मंडळातले आई-बाबा तेच प्रश्न मला विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

एवढं जाड हेल्मेट असताना मेंदूला मार लागतोच कसा?

स्टीलच्या डब्यात खरवस ठेवलाय असं समजा. डब्याला बाहेरून कितीही कापूस गुंडाळला तरी डबा जोरात हलवून एकदम थांबवला की आतला खरवस कडेवर आदळतो. मेंदू जवळपास तितकाच मऊ असतो, आणि कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. हेल्मेट कवटीच्या बाहेर बसतं. धक्क्याचा जोर ते थोडा पसरवतं, थोडा लांबवतं, पण आत मेंदू हलणारच.

त्यातही सरळ धक्क्यापेक्षा गिरकी जास्त वाईट. जबड्यावर किंवा कानाच्या बाजूला फटका बसला की डोकं मानेवर गर्रकन फिरतं. मेंदूचे वेगवेगळे भाग कमी-जास्त वेगाने फिरतात आणि त्यांना जोडणारे बारीक तंतू ताणले जातात. डोकं नुसतं फिरलं तर हेल्मेटचा फारसा उपयोग होत नाही. अशा धक्क्याने मेंदूचं काम बिघडतं त्याला कन्कशन म्हणतात. म्हणून दुकानात कोणी ‘कन्कशन-प्रूफ’ हेल्मेट आहे असं सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. तसं हेल्मेट अस्तित्वात नाही.

मग हेल्मेटचा उपयोग तरी काय?

कवटी फुटण्यापासून आणि मेंदूतल्या जीवघेण्या रक्तस्रावापासून ते वाचवतं, आणि हे काम ते उत्तम करतं. हा खेळ एके काळी किती जीवघेणा होता हे कळलं की हेल्मेटची किंमत पटते. त्या काळी मैदानावर इतकी मुलं दगावत होती की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. एकमेकांवर तुटून पडणाऱ्या गर्दीतून खेळ मोकळ्या मैदानात यावा हा त्यामागचा एक हेतू होता.

तेव्हा हेल्मेट चामड्याचं असायचं आणि घातलंच पाहिजे असा नियम नव्हता. कॉलेजांनी ते १९३९ मध्ये सक्तीचं केलं, एनएफएल या व्यावसायिक लीगने १९४३ मध्ये. त्याच सुमारास रिडेल कंपनीचं प्लॅस्टिकचं हेल्मेट आलं. पन्नाशीच्या दशकात तोंडासमोर जाळी आली. तरीही १९६८ मध्ये मैदानावरच्या माराने ३६ खेळाडू गेले. त्यानंतर नॉक्सी ही संस्था उभी राहिली आणि १९७३ मध्ये तिने हेल्मेटचं पहिलं मानक ठरवलं. हेल्मेट घातलेलं नकली डोकं पाच फुटांपर्यंतच्या उंचीवरून टणक रबरावर टाकतात आणि आतल्या सेन्सरला किती झटका बसला ते मोजतात. आज शाळेतल्या प्रत्येक हेल्मेटच्या मागे नॉक्सीचा शिक्का असतो, तो या चाचणीचा. चाचणी आधी मुख्यतः कवटी फुटण्याच्या धोक्याभोवती आखलेली होती हे मात्र लक्षात ठेवा.

हेल्मेट सुधारलं आणि तरी माना मोडू लागल्या असं ऐकलं. हे खरं आहे का?

खरं आहे. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच.

डोकं सुरक्षित वाटू लागल्यावर खेळाडू डोक्याचाच हत्यारासारखा वापर करू लागले. साठ-सत्तरच्या दशकात कित्येक प्रशिक्षक शिकवायचे की समोरच्याच्या छातीत हेल्मेट घाल. याला ‘स्पिअरिंग’ म्हणतात, म्हणजे भाल्यासारखं घुसणं. फिलाडेल्फियाचे डॉक्टर जोसेफ टॉर्ग यांनी देशभरातून मानेच्या दुखापतींची नोंद गोळा केली आणि त्यामागची यांत्रिकी शोधली. आपली मान मागच्या बाजूला थोडी कमानदार असते. त्या कमानीमुळे ती धक्का झेलते, स्नायू जोर वाटून घेतात. पण मान साधारण ३० अंश पुढे झुकवली की कमान सरळ होते आणि मणके एकावर एक रचलेल्या ठोकळ्यांसारखे उभे राहतात. अशा वेळी टाळूवर धडक बसली की डोकं थांबतं, मागून धड येतच राहतं आणि मधली मान दबून मोडते. तोवर बऱ्याच जणांचा समज होता की मान मागे फेकली जाऊन मोडते, हेल्मेटची मागची कड मानेवर आपटते. टॉर्ग यांच्या अभ्यासातून दिसलं की खरा दोष खाली घातलेल्या डोक्याचा आहे.

१९७६ मध्ये शाळा आणि कॉलेजांनी डोक्याने पहिली धडक मारण्यावर बंदी घातली. त्या वर्षी मानेखालचं शरीर कायमचं लुळं पडलेली ३४ मुलं होती. १९८४ मध्ये ५. हा बदल कुठल्या नव्या साहित्याने झालेला नाही. मुलांना धडकायचं कसं हे वेगळ्या रीतीने शिकवलं, त्याने झाला.

मोठ्या खेळाडूंनाही यातून सूट नाही. डिसेंबर २०१७ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचा रायन शेझियर डोकं खाली घालून टॅकलला गेला आणि त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. एनएफएलच्या चपळ खेळाडूंपैकी तो एक होता. नंतर मोठ्या कष्टाने तो चालू लागला, पण पुन्हा खेळला नाही. २०१८ पासून एनएफएलमध्ये डोकं खाली घालून धडक सुरू करणं हाच दंडनीय अपराध आहे. टेक्ससच्या शाळा बहुतांशी कॉलेजच्या नियमांनी खेळतात. त्यात अशा ‘टार्गेटिंग’साठी खेळाडूला सामन्यातून बाहेर काढतात.

बरोबर टॅकल म्हणजे नेमका कसा?

आमच्या मंडळातले एक काका तरुणपणी सांगलीकडे कबड्डी खेळलेले. मी हे समजावत होते तेव्हा सगळ्यांत आधी त्यांना कळलं. मांडीची पकड करताना खांदा मांडीला, डोकं बाजूला, हात मागून आवळलेले. इथेही मूळ तेच.

चेंडू घेऊन पळणाऱ्याजवळ पोचताना पावलं लहान आणि भराभर टाकायची. लांब उडी घेऊन झेपावलं की डोकं आपोआप पुढे जातं. गुडघे आणि कंबर वाकवून खाली यायचं, पाठ सपाट ठेवायची. कमरेतून न वाकता नुसती पाठ गोल केली की मान झुकतेच. ज्या बाजूचा खांदा लावायचा त्याच बाजूचा पाय त्याच्या अगदी जवळ टेकवायचा. नजर त्याच्या मांडीवर किंवा कंबरेवर. खांदा हाडामांसात बसला की दोन्ही हातांनी वेढा घालून आवळायचं आणि पाय थांबवायचे नाहीत.

डोकं कुठे ठेवायचं यावर प्रशिक्षकांत दोन मतं आहेत. जुनी शिकवण सांगते की डोकं पळणाऱ्याच्या पुढून आडवं घाल, म्हणजे तो निसटणार नाही. रग्बीतून आलेली शिकवण सांगते की डोकं त्याच्या मागे ठेव, गाल त्याच्या पार्श्वभागाला लागला पाहिजे. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, कारण पुढून घातलेलं डोकं त्याच्या गुडघ्याच्या आणि मांडीच्या वाटेत येतं. सिअॅटल सीहॉक्सने २०१४ मध्ये पीट कॅरल यांच्या देखरेखीखाली ही रग्बीची पद्धत शिकवणारा व्हिडिओ सगळ्या प्रशिक्षकांसाठी खुला केला. त्याआधीच्या फेब्रुवारीत हाच संघ सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला होता, त्यामुळे हे टॅकल लेचेपेचे आहेत असं कोणी म्हणू शकलं नाही.

मुलांची चूक बहुतेक वेळा शेवटच्या पावलाला होते. आदळण्याच्या क्षणी डोळे मिटतात आणि हनुवटी छातीला लागते. भीतीने होतं, दमल्यावर तर हमखास होतं. म्हणून चौथ्या क्वार्टरमधले, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या भागातले टॅकल बघा. तिथे कळतं की मुलाच्या अंगात तंत्र मुरलंय की नाही.

मग हे शिकताना डोक्याला मार लागतच नाही का?

शिकवण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात एक प्रयोग झाला: काही खेळाडूंना मोसमभर आठवड्यातून थोडा वेळ हेल्मेट आणि शोल्डर पॅड न घालता, फुगीर पॅडवर टॅकलचा सराव दिला. डोकं उघडं असलं की माणूस ते आपोआप वाचवतो. मोसमाच्या शेवटी या मुलांच्या डोक्याला बसणारे धक्के २८ टक्क्यांनी कमी झाले होते.

डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावात एकमेकांना टॅकल करणंच बंद केलं. मुलं पुतळ्यांवर सराव करायची, आणि पुतळा पळत नाही ही अडचण सोडवण्यासाठी त्यांनी इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांबरोबर रिमोटवर पळणारा पुतळा तयार करून घेतला. लोकांनी आधी वेड्यात काढलं. पण त्यांचा संघ जिंकू लागला आणि २०१६ मध्ये डार्टमथ ज्यात खेळतं त्या आयव्ही लीगच्या सगळ्या कॉलेजांनी मोसमातल्या सरावातून पूर्ण ताकदीचे टॅकल काढून टाकले. टीव्हन्स २०२३ मध्ये गेले. या खेळाला त्यांनी दिलेलं देणं कुठल्याही हेल्मेट कंपनीपेक्षा मोठं आहे, असं मी मनापासून मानते.

कुठलं हेल्मेट घ्यायचं?

बहुतेक शाळा हेल्मेट देतात. स्वतः घ्यायचं असेल तर व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची यादी बघा. २०११ पासून ते पाचपैकी तारे देतात आणि त्यांच्या चाचणीत गिरकीचाही विचार असतो. लहान मुलांच्या हेल्मेटांची यादी वेगळी आहे. एनएफएलचं हेल्मेटांची क्रमवारी दाखवणारं पोस्टर मात्र शाळकरी मुलासाठी वापरू नका, कारण ती चाचणी व्यावसायिक खेळाडूंच्या धडकांवर बेतलेली आहे आणि त्यावर तसं लिहिलेलंही असतं.

शाळेचं हेल्मेट जुनं वाटलं तर आतलं लेबल वाचा: बनवल्याचं वर्ष आणि शेवटची दुरुस्ती-तपासणी कधी झाली. १० वर्षांपेक्षा जुनं हेल्मेट तपासणी करणाऱ्या कंपन्या परत स्वीकारत नाहीत. आणि पाच ताऱ्यांचं ढिलं हेल्मेट असण्यापेक्षा चार ताऱ्यांचं घट्ट बसणारं बरं.

नीट बसलंय हे कसं ओळखायचं?

केस थोडे ओले करून घाला, सामन्यात घामाने तसेच होणार आहेत. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. गालाचे पॅड गालाला चिकटलेले. हनुवटीचा पट्टा चारही बटणांत, तोही हनुवटीच्या मधोमध. आता जाळी धरून हळूच डावी-उजवीकडे फिरवा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली तर बरोबर, हेल्मेट कातडीवरून घसरलं तर मोठं आहे. आतल्या पिशव्यांतली हवा दर आठवड्याला तपासा. माझ्या लेकाने मोसमाच्या मध्येच केस बारीक कापले आणि त्या शुक्रवारी टॅकलनंतर हेल्मेट मैदानावर घरंगळत गेलं. तेव्हापासून आमच्याकडे केस कापले की हेल्मेट पुन्हा बसवून घ्यायचं हा नियम झाला.

हेल्मेटवर घालतात ती मऊ टोपी, गार्डियन कॅप, घ्यावी का?

एनएफएलने २०२२ च्या सराव शिबिरांत काही जागांवरच्या खेळाडूंना ती सक्तीची केली आणि त्यांच्यात कन्कशन निम्म्याहून कमी झाल्याचं जाहीर केलं. २०२४ पासून सामन्यातही घालता येते. दुसरीकडे, कॉलेजच्या खेळाडूंच्या माऊथगार्डमध्ये सेन्सर बसवून केलेल्या मोजणीत तेवढा फायदा दिसलेला नाही. सरावात घालायला हरकत नाही. फक्त ती घातली म्हणून प्रशिक्षकाने टॅकलचे तास वाढवले तर नुकसानच होईल.

कन्कशन झालंय हे घरी कसं ओळखायचं?

शब्द आता क्रिकेटमुळे आपल्या ओळखीचा झालाय, पण एक गैरसमज राहिलाय. बेशुद्ध पडलं तरच कन्कशन, असं नाही. बहुतेक मुलं शुद्धीवरच असतात. डोकं दुखतं, उजेड सहन होत नाही, तोल जातो, तोच प्रश्न पुन्हा विचारतात, उत्तर द्यायला वेळ लागतो, चिडचिड होते. कधी लक्षणं काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उमटतात.

माझा लेक दहावीत असताना एकदा गाडीत गप्प बसून होता. विचारलं तर म्हणाला, ‘काही नाही गं आई.’ घरी येऊन दोनदा विचारलं, आज जेवायला काय आहे. मी दोन्हीदा सांगितलं होतं. मैदानावरच्या एका मोठ्या माणसाने त्याला ‘झटकून टाक’ म्हणून परत खेळायला पाठवलं होतं, आणि लेकानेही डोकं दुखत असल्याचं लपवलं, कारण पुढचा सामना महत्त्वाचा होता. त्या रात्री मला जे वाटलं ते दुसऱ्या कुठल्या आईला वाटू नये.

सतत उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, झटके, हातापायात अशक्तपणा, जागं करूनही न उठणं: यातलं काहीही दिसलं तर ९११ या इथल्या तातडीच्या नंबरवर फोन. वाट बघू नका.

परत कधी खेळता येईल?

त्या दिवशी नाही. यात तडजोड नको. पहिल्या माराने सावरलेला नसताना मेंदूला दुसरा मार बसला तर तो झपाट्याने सुजू शकतो. असं क्वचित होतं, पण तरुण मुलांमध्ये होतं आणि जीवघेणं असतं. वॉशिंग्टन राज्यात १३ वर्षांच्या एका मुलाला असंच त्याच सामन्यात परत पाठवलं गेलं होतं. त्याच्या नावाचा कायदा २००९ मध्ये आला आणि २०१४ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत असे कायदे झाले. टेक्ससमध्ये २०११ पासून आहे: संशय आला तरी मुलाला बाहेर काढायचं, डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय आणि पालकांच्या सहीशिवाय परत घ्यायचं नाही. तुमची सही लागते हे विसरू नका. सही करायची नसेल तर करू नका.

पूर्वी अंधाऱ्या खोलीत दिवसचे दिवस पडून राहायला सांगायचे. आता एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी, आणि मग हलकं चालणं. पुढे टप्पे असतात: हलका व्यायाम, धावणं, धडक नसलेला सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव, शेवटी सामना. प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास, आणि लक्षणं वाढली तर एक पायरी मागे. शाळेचा अभ्यास आधी जमला पाहिजे, खेळ नंतर.

सीटीई म्हणजे काय? त्याची भीती किती बाळगावी?

डोक्याला वर्षानुवर्षं मार बसत राहिल्याने होणारा मेंदूचा आजार. स्मृती, स्वभाव, विवेक यांवर परिणाम होतो आणि पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. पिट्सबर्गमध्ये डॉक्टर बेनेट ओमालू यांनी २००२ मध्ये माइक वेबस्टर या जुन्या स्टीलर्स खेळाडूच्या मेंदूत तो शोधला. २०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या अॅन मॅकी यांच्या अभ्यासात एनएफएल खेळाडूंच्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये तो सापडला. फक्त शाळेपर्यंत खेळलेल्या १४ जणांपैकी ३ जणांत.

हे आकडे वाचून घाबरण्याआधी एक ध्यानात घ्या: ज्यांच्या घरच्यांना काही बिघाड दिसला होता असेच मेंदू बहुतेक दान झाले होते. म्हणजे सगळ्या खेळाडूंत हे प्रमाण आहे असं नाही. पण दुसरी गोष्टही तितकीच गंभीर आहे. ६३१ मेंदूंच्या २०२३ च्या अभ्यासात धोका नोंदवलेल्या कन्कशनच्या संख्येशी नाही, तर आयुष्यभर बसलेल्या सगळ्या धक्क्यांच्या एकूण जोराशी जुळला. लक्षणं न देणारे लहान धक्केही त्यात आले. म्हणून मी सामन्यापेक्षा सरावाबद्दल जास्त बोलते. मोसमातले बरेचसे धक्के सरावात बसतात आणि ते टाळणं प्रशिक्षकाच्या हातात असतं.

मैदानावर मुलगा पडलाय आणि मान दुखतेय म्हणतोय. हेल्मेट काढायचं का?

तुम्ही काढू नका, कोणाला ओढून काढू देऊ नका. शोल्डर पॅड तसेच ठेवून फक्त हेल्मेट काढलं की डोकं मागे पडतं आणि मान वाकते. प्रशिक्षित माणसं आधी स्क्रू काढून जाळी दूर करतात, म्हणजे श्वासाची वाट मोकळी होते.

गुडघे, हृदय, ऊन?

गुडघ्यासाठी सोपं उत्तर नाही. मागून लटकून पूर्ण वजन पायांवर टाकणारा ‘हिप-ड्रॉप’ टॅकल एनएफएलने २०२४ मध्ये बंद केला, शाळेतही तो शिकवला जाऊ नये. हृदयासाठी: मैदानाजवळ एईडी, म्हणजे थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. जानेवारी २०२३ मध्ये एनएफएलचा खेळाडू डामार हॅमलिनचं हृदय मैदानात थांबलं आणि तत्काळ मिळालेल्या सीपीआरने व एईडीने तो वाचला.

ऊन मात्र टेक्ससमध्ये खरा शत्रू. २००१ च्या ऑगस्टमध्ये एनएफएलच्या मिनेसोटा संघाचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर उष्माघाताने गेला. सुरुवातीचे दिवस फक्त हेल्मेट, मग शोल्डर पॅड, शेवटी पूर्ण पोशाख असं अंगाला सवय लावत जायचं असतं. मुलगा भ्रमिष्टासारखा बोलू लागला तर बर्फाच्या पाण्याच्या टबात आधी बसवायचं, अॅम्ब्युलन्समध्ये नंतर घालायचं. तो टब भरलेला आहे का, हे बघायला मी ऑगस्टमध्ये मुद्दाम जात असे.

कुठल्या वयापासून खेळू द्यावं?

आमच्या घरी चौदाच्या आधी टॅकल नाही असं ठरलं. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान बारीक असते, हे माझं मुख्य कारण. तोवर फ्लॅग फुटबॉल खेळू द्या. त्यात कमरेची पट्टी ओढली की खेळ थांबतो. पळणं, चेंडू झेलणं, जागा घेणं सगळं शिकता येतं, मुलीही खेळतात, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो आहे. भारतात २०१२ मध्ये एलिट लीग या टॅकल फुटबॉलच्या लीगने पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघ उतरवले होते. पण तिकडच्या भाच्यांनी विचारलं तर मी त्यांनाही फ्लॅगच सुचवते.

सही करण्याआधी प्रशिक्षकाला काय विचारू?

आठवड्यात पूर्ण धडकेचा सराव किती मिनिटं? टेक्ससमध्ये मोसमात आठवड्याला खेळाडूमागे ९० मिनिटांची मर्यादा आहे. चांगला प्रशिक्षक त्याहून बराच कमी आकडा सांगतो, आणि न अडखळता सांगतो. टॅकल शिकवताना डोकं कुठे ठेवायला सांगता? करून दाखवाल का? अॅथलेटिक ट्रेनर रोज सरावाला असतो की फक्त सामन्याला? मुलाला बाहेर काढण्याचा शेवटचा शब्द कोणाचा? या शेवटच्या प्रश्नाला ‘ट्रेनरचा’ एवढंच उत्तर हवं. आमच्या लेकाच्या अकरावीत आलेल्या नव्या प्रशिक्षकांनी तेच दिलं, आणि मग स्वतः गवतावर गुडघा टेकून, गाल बाजूला ठेवून, खांदा कसा लावायचा ते मला दाखवलं. त्या वर्षीच्या फॉर्मवर मी सही केली.